हेवा न करणारी प्रीती

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात निरोपांची गर्दी आहे. वर्गणी कशी गोळा करायची, कोण कधी येणार, कोणाकोणाला सलाम सांगायचा. त्या गर्दीत एक निरोप अपुल्लोसाविषयी आहे. मी त्याला तुमच्याकडे जाण्याचा पुष्कळ आग्रह केला, पण सध्या यायची त्याची मुळीच इच्छा नाही, सवड मिळाली की येईल, असा त्याचा आशय. वाचणारा सहज पुढे सरकतो. पण करिंथमध्ये ज्याच्या नावाने पौलाच्या नावासमोर गट उभा राहिला होता, तोच हा अपुल्लोस, हे लक्षात आले की निरोपाचे वजन कळते.

अपुल्लोस आलेक्सांद्रियाचा यहुदी, शास्त्रात पारंगत आणि बोलण्यात पटाईत. पौलाबद्दल मात्र करिंथमध्ये असे बोलले जाई की, याची पत्रे भारदस्त असतात, पण माणूस समोर उभा राहिला की छाप पडत नाही आणि भाषण तर अगदीच सुमार. मंडळी पौलाने उभी केली होती. दीड वर्ष तिथे राहून, तंबू बनवण्याच्या धंद्यावर स्वतःचे पोट भरून त्याने ती वाढवली होती. मागून आलेल्या माणसाचे कौतुक होऊ लागले, तेव्हा त्याच माणसाला ‘तू पुन्हा तिकडे जा’ असा आग्रह हा पौल करतो.

ख्रिस्ती धर्मात प्रीती म्हणजे काय, हे समजून घ्यायला हा निरोप चांगला आधार आहे. याच पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रीतीच्या लक्षणांची यादी आहे. ख्रिस्ती लग्नांत हा अध्याय हौसेने वाचला जातो. सहनशीलता आणि दयाळूपणा सांगून झाल्यावर पौल प्रीती काय करत नाही हे सांगू लागतो, आणि त्यात पहिला क्रमांक हेव्याचा लागतो. तो पहिला का, याचे उत्तर करिंथच्या गल्ल्यांत सापडते.

शर्यतीचे शहर

जुने ग्रीक करिंथ रोमन सेनापती मुम्मिउसने इ.स.पू. १४६मध्ये उद्ध्वस्त केले. जवळजवळ शंभर वर्षे ते बहुतांश ओसाड होते. इ.स.पू. ४४मध्ये ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत स्थापली. तिथे वसवलेल्यांत गुलामगिरीतून मुक्त झालेले लोक मोठ्या संख्येने होते. ग्रीसच्या दोन भागांना जोडणाऱ्या चिंचोळ्या भूमीवर हे शहर, दोन्ही बाजूंना दोन समुद्र आणि दोन बंदरे. व्यापार भरभराटीला आला. जुनी घराणी नसल्यामुळे प्रतिष्ठा वारशाने मिळत नव्हती. ती मिळवावी लागे आणि दगडावर कोरून दाखवावी लागे. १९२९मध्ये नाट्यगृहाजवळच्या फरसबंदीत सापडलेला एक लेख सांगतो की, एरास्तुस नावाच्या गृहस्थाने नगराधिकाराच्या पदाबद्दल स्वखर्चाने ही फरसबंदी करून दिली. शहराजवळच दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत. पौल पत्रात त्या धावण्याच्या शर्यतीचा उल्लेख करतो: धावतात सगळे, बक्षीस मिळते एकाला.

या शहरातून आलेली माणसे मंडळीत सामील झाली तेव्हा शर्यत दाराबाहेर ठेवून आली नाहीत. गल्लियो हा रोमन अधिकारी तिथे इ.स. ५१-५२च्या सुमारास होता, हे डेल्फी येथील शिलालेखावरून कळते. पौलाला त्याच्यासमोर उभे केले गेले होते, त्यावरून पौलाच्या मुक्कामाचा काळ ठरवता येतो. त्यानंतर दोन-तीन वर्षांत पौल इफिसात असताना ख्लोवेच्या घरच्या माणसांनी बातमी आणली की मंडळीत तट पडले आहेत. कोणी स्वतःला पौलाचे म्हणवतात, कोणी अपुल्लोसाचे, कोणी केफाचे म्हणजे पेत्राचे, तर कोणी थेट ख्रिस्ताचे. पौलाने या भांडणांना सरळ हेवा आणि कलह म्हटले आणि तुम्ही अजून बाळबोध अवस्थेतच आहात, असे सुनावले.

तंटा नावांपुरता नव्हता. मंडळी सधन सभासदाच्या घरी जमे आणि प्रभुभोजन प्रत्यक्ष जेवणाच्या पंगतीतच होई. रोमन घरातल्या भोजनाच्या दालनात तीन बाजूंना आसने मांडून साधारण नऊ माणसे बसत, म्हणून बाकीच्यांची सोय अंगणात होत असावी, असे अभ्यासक मानतात. पौल लिहितो ते याहून कठोर आहे: जो तो आपले ताट उरकतो, एक उपाशी राहतो आणि दुसरा पिऊन तर्र होतो. उपासनेतही तीच चढाओढ. कोणाला अन्य भाषांत बोलण्याचे दान, कोणाला बरे करण्याचे, कोणाला ज्ञानाचे. त्यात अन्य भाषांचे दान डोळ्यांत भरणारे, म्हणून त्याचा तोरा मोठा. ज्याला ते नव्हते, तो स्वतःला कमी समजू लागला.

हिशेब बदलणे

अशा लोकांना ‘हेवा करू नका’ एवढेच सांगून भागत नाही. मनातल्या डंखाला हुकूम कळत नाही. पौल तेराव्या अध्यायाच्या आधी बारावा लिहितो, आणि तेरावा त्याच्याशिवाय नीट उलगडत नाही. तिथे तो मंडळीला एका शरीराची उपमा देतो. पाय म्हणाला की मी हात नाही, म्हणून तो शरीराबाहेर जात नाही. डोळा हाताला ‘तुझी गरज नाही’ असे म्हणू शकत नाही. सगळे शरीर डोळाच झाले तर ऐकणार कोण? एका अवयवाला दुखले की सगळ्यांना दुखते, एकाचा मान झाला की सगळे आनंद करतात.

राज्याला शरीराची उपमा देण्याची पद्धत रोमन जगाला ठाऊक होती. पण तिचा वापर बहुधा खालच्यांनी वरच्यांची सेवा निमूट करावी, हे पटवण्यासाठी होई. पौल ती उलटी फिरवतो. जे अवयव दुबळे दिसतात तेच अधिक गरजेचे, आणि ज्यांना मान कमी त्यांना देवाने जास्त मान दिला, असे तो म्हणतो.

इथे हेव्याचा पायाच काढून घेतला जातो. दुसऱ्याचे वाढले म्हणजे माझे घटले, या वजाबाकीवर हेवा जगतो. एका शरीरात ही वजाबाकी करता येत नाही. डोळ्याला दिसले तर पायाचाच फायदा होतो. दुसरा आधार कृपेचा. तुझ्याकडे असे काय आहे जे तुला मिळालेले नाही, असा प्रश्न पौल याच पत्रात करतो. जे दान म्हणून आले, त्याची फुशारकी कशी मारायची आणि दुसऱ्याला आले म्हणून कुढायचे तरी कशाला? अपुल्लोसाबद्दल तो याच तर्काने बोलतो. मी लावले, त्याने पाणी घातले, वाढवले देवाने. दोघेही मजूर, शेत मालकाचे.

म्हणून ख्रिस्ती अर्थाने प्रीती ही मुख्यतः भावनेची ऊब नाही. ती दुसऱ्याचे भले इच्छिणारी आणि त्यासाठी राबणारी वृत्ती आहे. शत्रूवरही प्रीती करण्याची येशूची आज्ञा तेव्हाच अर्थपूर्ण ठरते. शत्रूबद्दल गोड वाटणे कोणाच्या हातात नसते, त्याचे भले करणे असते.

बाप आणि मुलगा

बायबल मत्सराबद्दल भाबडे नाही. त्याच्या पहिल्या पुस्तकातला पहिला खून मत्सरातून होतो: हाबेलाचे अर्पण देवाला पसंत पडले, काईनाचे पडले नाही. योसेफाला त्याचे भाऊ विकतात, कारण बापाने त्याला वेगळा झगा करून दिला. येशूला धरून आणणाऱ्या मुख्य याजकांचा हेतू हेव्याचा आहे हे रोमन सुभेदार पिलाताने ओळखले होते, असे मार्कच्या शुभवर्तमानात म्हटले आहे.

यांतली सर्वांत बोलकी जोडी शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. दावीदाने गल्याथाला मारले. विजयी सैन्य परतताना स्त्रिया नाचत-गात सामोऱ्या आल्या आणि त्यांच्या गाण्यात राजा शौलाच्या नावे हजारोंचा, तर दावीदाच्या नावे लाखोंचा संहार होता. शौलाच्या मनात आकडा रुतला. त्या दिवसापासून तो दावीदाकडे वाकड्या नजरेने पाहू लागला आणि पुढे भाल्याने त्याला भिंतीशी खिळू पाहू लागला. शौलाचा मुलगा योनाथान हा गादीचा वारस. दावीदामुळे खरे नुकसान होणार होते ते त्याचे. त्याने आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कमरबंद उतरवून दावीदाला दिला. यश एकाचेच, बाप त्याने पोखरला गेला आणि मुलगा मोकळा राहिला. योनाथानाने दावीदावर स्वतःच्या जिवासारखी प्रीती केली, एवढेच कारण ग्रंथ देतो.

येशूच्या दृष्टान्तांत हाच धागा मजुरीच्या भाषेत येतो. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे एक दिनार रोजावर माणसे लावतो, मग दिवसभर आणखी लावत राहतो. शेवटची माणसे दिवस मावळायला तासभर उरला असताना येतात. संध्याकाळी सर्वांना एकेक दिनार मिळतो. पहाटेचे मजूर कुरकुरतात. त्यांचे काहीच कापलेले नाही, ठरलेला रोज हातावर पडला आहे. दुसऱ्यालाही तेवढेच मिळाले, हे सलते. मी उदार आहे म्हणून तुझ्या डोळ्यांत खुपते का, असा मालकाचा सवाल आहे. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतला थोरला भाऊही, परतलेल्या धाकट्यासाठी मेजवानी दिली म्हणून, असाच अंगणात अडून बसतो. गोष्ट तिथेच थांबते. तो मेजवानीला आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही.

मत्सराची चिरफाड

पुढच्या काळातल्या ख्रिस्ती विचारवंतांनी या विकाराचा बारकाईने अभ्यास केला. कार्थेजचा बिशप सिप्रियन याने इ.स. २५६च्या सुमारास मत्सरावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ऑगस्टीनने ‘कन्फेशन्स’मध्ये एका तान्ह्या बाळाचे निरीक्षण नोंदवले आहे: बोलताही न येणारे ते मूल आपल्याबरोबर दूध पिणाऱ्या दुसऱ्या बाळाकडे फिकट चेहऱ्याने, कडवट नजरेने पाहत होते. मत्सर शिकावा लागत नाही, हा त्याचा निष्कर्ष. चौथ्या शतकातल्या एवाग्रियस या तपस्व्याने माणसाला घेरणाऱ्या आठ दुष्ट विचारांची यादी केली होती. तीत मत्सर नव्हता. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या ग्रेगरीने यादी बदलली आणि त्याला जागा दिली. आपल्याकडच्या षड्रिपूंत मत्सर शेवटी येतो, तसा तिकडे तो सात महापापांत बसला.

सर्वांत नेमके विश्लेषण तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनसचे. दुसऱ्याचे भले पाहून होणारे दुःख चार प्रकारचे असते, असे तो सांगतो. त्या भल्यातून आपल्याला इजा होईल, ही पहिली गोष्ट, ती भीती. त्याच्याकडे आहे आणि माझ्याकडे नाही, म्हणून मीही मिळवावे, ही दुसरी; सद्गुणाबाबत ती चांगलीच. अपात्र माणसाला मिळाले, हा तिसरा सल, म्हणजे संताप. आणि चौथा, दुसऱ्याचे भले माझ्या मोठेपणाला कमीपणा आणते म्हणून होणारे दुःख; हाच खरा मत्सर. प्रीती शेजाऱ्याच्या भल्याने आनंदते आणि मत्सर त्याच भल्याने कष्टी होतो, म्हणून तो प्रीतीच्या थेट विरुद्ध उभा राहतो. ॲरिस्टॉटलचा आधार घेऊन तो हेही सांगतो की मत्सर जवळच्यांचा होतो. वय, गाव, धंदा, प्रतिष्ठा यांत जो आपल्या बरोबरीचा, त्याचा. दूर देशीच्या राजाचा कोणी हेवा करत नाही. भाऊ, सहकारी, एकाच मंडळीतले दोन उपदेशक यांच्यातच ठिणगी पडते.

हे समोरासमोरचे वैर इटलीतल्या पादुआ शहरात भिंतीवर पाहायला मिळते. स्क्रोव्हेन्यी चॅपेलमध्ये जोत्तो या चित्रकाराने १३०५च्या सुमारास सद्गुण आणि दुर्गुण एकमेकांसमोर रंगवले. मत्सररूपी स्त्रीच्या पायाशी आग आहे, एका हाताने थैली घट्ट धरलेली, आणि तोंडातून निघालेला साप वळून तिच्याच डोळ्यांवर चाल करून येतो. समोरच्या भिंतीवरची प्रीती पैशांच्या थैल्यांवर उभी आहे; एका हातात फळांनी भरलेले पात्र, दुसऱ्या हाताने ती आपले हृदय वर देवाला देते आहे.

दुसऱ्याच्या सुखात सुख मानण्याची साधना भारतीय वाचकाला अनोळखी नाही. बौद्ध परंपरेत आणि पतंजलीच्या योगसूत्रांत तिला मुदिता म्हणतात. योगसूत्रांत तिचे फळ चित्ताची प्रसन्नता आहे. पौल तिला नात्यातून काढतो: समोरचा माणूस आणि मी एकाच ख्रिस्ताचे अवयव आहोत, म्हणून त्याचा मान हा माझाही मान.

मग देव ईर्ष्यावान कसा?

एक अडचण टाळता येत नाही. दहा आज्ञांत देव स्वतःला ईर्ष्यावान म्हणवतो. प्रीतीत हेवा नसेल आणि देव प्रीती असेल, तर हे जमते कसे? संदेष्ट्यांनी देव आणि इस्राएल यांचे नाते लग्नाच्या भाषेत मांडले, होशेयाने तर स्वतःच्या संसाराच्या दाखल्याने. लग्नात दिलेला शब्द मोडला जातो तेव्हा होणारी जळजळ आणि शेजाऱ्याचे शेत पिकले म्हणून होणारी जळजळ एक नव्हे. पहिली आपल्या माणसाचे नुकसान होताना होते, दुसरी परक्याचे भले होताना. पौलही दुसऱ्या पत्रात करिंथकरांना लिहितो की, तुमच्याविषयी माझ्या मनात देवाची ईर्ष्या आहे. अपुल्लोसाचे कौतुक झाल्याने तो पेटला नाही. मंडळी ख्रिस्तापासून दूर नेली जात आहे असे वाटले, तेव्हा पेटला. अर्थात माणसांच्या बाबतीत ही रेघ सहज पुसली जाते. ‘तुझ्याच भल्यासाठी’ म्हणत जोडीदारावर पाळत ठेवणारा स्वतःच्या मालकीचे रक्षण करत असतो.

दुसरा गैरवापर याहून जुना आहे: गरिबाने अन्यायावर बोट ठेवले की त्याला मत्सरी ठरवायचे. करिंथच्या पंगतीत उपाशी राहिलेल्यांना पौलाने हेवा सोडा असे सांगितले नाही. त्याने जेवून बसलेल्यांना झापले आणि एकमेकांसाठी थांबा, असे बजावले. ज्याच्या ताटात वाढलेच नाही, त्याची तक्रार आणि ज्याचे पोट भरले आहे, त्याची कुरकुर यांतला भेद त्याने पाळला.

पौलाची स्वतःची परीक्षा

फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिताना पौल कैदेत होता. बाहेर काही जण ख्रिस्ताचा प्रचार करत होते, पण हेव्याने आणि चढाओढीने. याच्या बेड्यांत आणखी दुःखाची भर पडावी म्हणून. पौलाचे उत्तर थोडक्यात असे: असू दे, कोणत्याही हेतूने का होईना, ख्रिस्ताची घोषणा होते आहे आणि मला त्याचा आनंद आहे. त्यांचे हेतू चांगले असल्याचे ढोंग तो करत नाही. पण ज्या कामावर त्याची प्रीती आहे ते पुढे जात आहे, आणि ते आपल्याच हातून व्हावे हा हट्ट त्याने सोडला आहे. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचीही गोष्ट अशीच. लोक येशूकडे वळू लागले तेव्हा त्याच्या शिष्यांना लागले. तो स्वतःला नवरदेवाचा मित्र म्हणवून आनंदी राहिला.

पण पौल तुलनेला सरसकट हद्दपार करत नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा करताना तो करिंथकरांना मासेदोनियाच्या मंडळ्यांचे उदाहरण देतो; स्वतः दारिद्र्यात असून त्यांनी किती दिले पाहा, असे म्हणून चुरस जागवतो. अक्वायनसच्या यादीतला हा दुसरा प्रकार. दुसऱ्याचे चांगले खाली ओढावेसे न वाटता स्वतः वर चढावेसे वाटले, तर तुलना उपयोगी पडते.

औषध घेतले, रोग परतला

करिंथ मात्र बरे झाले नाही. साधारण चाळीस वर्षांनी, इ.स. ९६च्या सुमारास, रोमच्या मंडळीने करिंथला एक लांब पत्र पाठवले. परंपरेने ते क्लेमेंटचे मानले जाते. कारण पुन्हा तेच: मंडळीत बंड झाले होते आणि वडील पुढाऱ्यांना पदावरून दूर केले होते. पत्र काईनापासून सुरुवात करून मत्सराने घडवलेल्या अनर्थांची मोठी जंत्री देते आणि पेत्र व पौल यांचा छळही त्याच खात्यावर टाकते. पौलाचे जुने पत्र काढून वाचा, असेही ते सुचवते. ज्या मंडळीला प्रीतीवरचे सर्वांत गाजलेले लेखन मिळाले, तिला ते पुन्हा वाचण्याची आठवण करून द्यावी लागली.

एकोणिसाव्या शतकात पौलाच्या त्या पत्राने एका व्यक्तीचा प्रश्न सोडवला. फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या कार्मेल मठातली तेरेझा १८९७मध्ये, वयाच्या २४व्या वर्षी क्षयाने वारली. मठाच्या चार भिंतींत राहून तिला धर्मप्रचारक, धर्मगुरू, हुतात्मा असे सगळेच व्हावेसे वाटे. ती बारावा अध्याय वाचू लागली, पण सर्वांना सगळे होता येत नाही, या उत्तराने तिचे समाधान झाले नाही. तेराव्यात तिला मार्ग दिसला: सगळी कामे ज्या हृदयाच्या बळावर चालतात ती प्रीती, आणि ती आपल्याला करता येते. लहानपणी तिला कोडे पडे की, देव स्वर्गात सर्वांना सारखे वैभव का देत नाही. थोरली बहीण पोलीनने तिला वडिलांचा मोठा पेला आणि शिवणाचे अंगुस्तान आणायला लावले, दोन्ही काठोकाठ भरले आणि विचारले, जास्त भरलेले कोणते? या उत्तराने पंगतीतला अन्याय झाकता कामा नये. पण देणग्यांच्या फरकावर कुढणाऱ्याला ते पुरेसे आहे.

मत्सराचा पहिला डंख संतांनाही बसतो, असे अक्वायनस मान्य करतो आणि त्याला महापाप मानत नाही. प्रश्न त्यानंतरच्या घडीचा असतो. शौलाने आकडा मनात घोळवला, योनाथानाने झगा उतरवला. प्रतिस्पर्ध्यासाठी प्रार्थना करणे, त्याच्या पाठीमागे त्याचे चांगले बोलणे, ज्या व्यासपीठावर आपण उभे राहिलो असतो तिथे त्याला बोलावण्याचा आग्रह धरणे, ही कामे मन स्वच्छ होण्याची वाट न पाहता करता येतात. ख्रिस्ती परंपरेचा दावा असा की ती करत राहिल्याने मन हळूहळू मागून येते. आणि नाही आले, तरी दुसऱ्याचे भले तेवढ्यात होऊन गेलेले असते.